‘विकणे आहे’ पाटीवरची बंदी: विलिंगबरोचं प्रकरण आणि घरावरच्या फलकांचे नियम

१८ मार्च १९७४ रोजी न्यू जर्सीतल्या विलिंगबरो टाउनशिपच्या कौन्सिलनं नियम क्रमांक ५-१९७४ मंजूर केला. घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं असेल तर घरापुढे पाटी लावायची मुभा तोवर होती, ती या नियमानं काढून घेतली. बिल्डरची नमुना घरं सोडली, तर गावात कोणाच्याही दारात ‘विकणे आहे’ किंवा ‘विकले’ अशी पाटी दिसता कामा नये, असं ठरलं. तीन वर्षांनी, २ मे १९७७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम घटनाबाह्य ठरवला. आठ न्यायमूर्तींचं एकमत होतं. नववे न्यायमूर्ती रेन्क्विस्ट या निर्णयात सहभागी नव्हते.

घरातून शिकवण्या घेणारे, डबे करणारे, शिवणकाम किंवा हिशेबाचं काम करणारे, मेंदी काढणारे यांनी हे प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं मला वाटतं. वरवर पाहता त्यात घरगुती व्यवसाय नाही, घरविक्री आहे. पण निवासी भागात, स्वतःच्या दारात, पैशाच्या व्यवहाराची माहिती देणारी पाटी लावायचा हक्क कुठवर जातो आणि गावाचा अधिकार कुठे सुरू होतो, या प्रश्नाची इतकी स्वच्छ मांडणी दुसऱ्या कुठल्या निकालात मला सापडलेली नाही. शिवाय नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. वाईट हेतूनं केलेला नियम मोडून काढणं सोपं असतं. इथे तसं नव्हतं.

गाव कसं वसलं

विलिंगबरो हे लेव्हिट अँड सन्स कंपनीनं वसवलेलं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, घरांची टंचाई होती, आणि लेव्हिटनं एकसारखी, स्वस्त, झपाट्यानं बांधता येणारी घरं हजारोंनी उभी केली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून, मग पेनसिल्व्हेनियात १९५२ पासून आणि तिसरी वसाहत न्यू जर्सीत. इथे पहिली कुटुंबं १९५८ च्या ऑक्टोबरात राहायला आली. गावकऱ्यांनी १९५९ मध्ये मतदान करून गावाचं नाव लेव्हिटटाउन केलं आणि १९६३ मध्ये पुन्हा मतदान करून विलिंगबरो केलं. जवळच फोर्ट डिक्स हा लष्करी तळ आणि मॅकग्वायर हा हवाई दलाचा तळ, त्यामुळे सतत बदली होणारी कुटुंबं बरीच. म्हणजे घरं विकणं आणि घेणं हा इथला नेहमीचा व्यवहार.

लेव्हिटची घरं फक्त गोऱ्यांसाठी होती. पेनसिल्व्हेनियातल्या वसाहतीत १९५७ मध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं तेव्हा घराबाहेर जमाव जमला आणि दगडफेक झाली. न्यू जर्सीतही कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही, असं लेव्हिटनं जाहीरपणे सांगितलं होतं. पण सरकारी आधार असलेल्या कर्जांवर उभ्या राहणाऱ्या घरांत भेदभाव करायला या राज्याच्या कायद्यानं बंदी होती. घर नाकारलं गेलेल्या विली जेम्स या लष्करी अधिकाऱ्यानं दाद मागितली. १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं लेव्हिटच्या विरोधात निकाल दिला आणि त्याच वर्षी दारं उघडली.

पुढच्या दहा वर्षांत गाव खूप वाढलं. गोऱ्यांची संख्या जवळजवळ साडेतीनशे टक्क्यांनी वाढली. इतर वर्णाच्या रहिवाशांची संख्या ६० वरून ५,००० च्या पुढे गेली, म्हणजे लोकसंख्येच्या ११.७ टक्के झाली. १९७० मध्ये गावात सुमारे ४४,००० लोक होते. मग चित्र पालटलं. १९७० ते १९७३ या काळात गोरी लोकसंख्या जवळपास २,००० नं, म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक घटली. इतरांची ३,००० हून अधिक वाढली आणि त्यांचा वाटा १८.२ टक्क्यांवर गेला. हे सगळे आकडे न्यायालयाच्या निकालपत्रातच आहेत.

कौन्सिलची भीती

या आकड्यांकडे पाहून कौन्सिलला काय वाटलं असेल ते समजायला त्या काळातल्या दलालांचा धंदा माहीत हवा. गोऱ्या वस्तीत एखादं कृष्णवर्णीय कुटुंब आलं की काही दलाल घरोघर जाऊन सांगायचे: आता भाव पडणार, लवकर विका. भीती वाढवण्यासाठी एखाद्या कृष्णवर्णीय बाईला बाबागाडी घेऊन त्या गल्लीतून फिरायला पाठवल्याचीही उदाहरणं आहेत. घाबरलेल्या मालकाकडून घर पडत्या भावात घ्यायचं आणि बँकांनी कर्ज नाकारलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या भावात विकायचं, असा तो दुहेरी नफा. १९६८ च्या फेडरल गृहनिर्माण कायद्यानं अशा प्रकारे भीती दाखवून घर विकायला लावण्यावर बंदी आणली. पण कायद्यानं माणसांच्या मनातली भीती लगेच जात नाही. एका रस्त्यावर चार-पाच पाट्या दिसल्या की सहावा माणूस विचार करू लागतो.

विलिंगबरोच्या कौन्सिलला तोच सहावा माणूस थांबवायचा होता. गाव मिश्र राहावं, गोऱ्यांनी पळ काढू नये, कृष्णवर्णीयांची वेगळी वस्ती होऊ नये. कौन्सिलनं जाहीर सभा घेतल्या, इतर गावांचे अनुभव मागवले. इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरानं अशीच बंदी घातली होती आणि १९७४ मध्येच सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं (काही राज्यांसाठीचं, सर्वोच्च न्यायालयाच्या खालचं फेडरल न्यायालय) ती वैध ठरवली होती. म्हणजे कौन्सिल काही मनाला येईल तसं वागत नव्हतं. विचार करून, चर्चा करून, एका न्याय्य उद्देशानं त्यांनी तो नियम केला होता, हे नाकारायचं कारण नाही.

नियमाचा थेट फटका बसला तो लिनमार्क असोसिएट्स या कंपनीला आणि तिच्या एजंटाला. कंपनीची गावात एक मालमत्ता होती, ती विकायला काढली होती आणि पाटी लावायची होती. त्यांनी फेडरल न्यायालयात दावा लावला. जिल्हा न्यायालयानं नियम घटनाबाह्य ठरवला. तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं तो निकाल फिरवला: गावात भीतीपोटी घरं विकण्याची सुरुवात होत आहे, मानसिकता बिघडते आहे, तेव्हा कौन्सिलला हे पाऊल उचलता येतं. न्यायमूर्ती गिबन्स यांनी विरोधी मत नोंदवलं. तिथून प्रकरण वॉशिंग्टनला गेलं.

मार्शल यांचं निकालपत्र

निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला ज्यांनी वकील म्हणून लढवला, तेच हे मार्शल. १९६७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. वस्त्या मिश्र असाव्यात यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसानं, वस्ती मिश्र राहावी म्हणून केलेला नियम रद्द केला. हे त्यांनी जड मनानं केलं की सहज, ते निकालपत्रातून कळत नाही. पण उद्दिष्टाचं महत्त्व त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केलं आहे आणि म्हणूनच त्यांची कारणं नीट वाचावीशी वाटतात.

पहिला मुद्दा पर्यायांचा. टाउनशिपचं म्हणणं होतं, पाटी नको, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, एजंटाकडे नाव नोंदवा. निकालपत्र म्हणतं, कागदावर हे पर्याय आहेत, प्रत्यक्षात ते पुरेसे नाहीत. त्यांना जास्त पैसे लागतात. मालकाच्या हातात सूत्रं कमी राहतात. जे लोक घर शोधायला मुद्दाम निघालेले नाहीत, सहज रस्त्यानं जाताहेत, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत. आणि विकायच्या घरासमोरच उभी असलेली पाटी जे सांगते, ते दुसरीकडे छापलेल्या चार ओळींना सांगता येईलच असं नाही.

दुसरा मुद्दा मला या सगळ्याचा गाभा वाटतो. टाउनशिपनं हा नियम पाटीच्या जागेचा किंवा स्वरूपाचा आहे, असंही सुचवून पाहिलं. मार्शल यांनी उलट विचारलं: मग अंगणातल्या सगळ्या पाट्यांवर बंदी का नाही? ठरावीक आकाराच्या पाट्यांवर का नाही? इतर मजकुराच्या पाट्या चालत होत्या. म्हणजे कौन्सिलचा राग लाकडाच्या फळीवर नव्हता, तिच्यावरच्या बातमीवर होता. शेजारच्यांना ही बातमी कळली तर ते चुकीचं वागतील, अशी भीती होती. ‘लोकांना खरी माहिती कळली तर ते अविचार करतील’ हे कारण एकदा मान्य केलं, तर देशातलं कुठलंही गाव स्वतःला न रुचणारी कुठलीही खरी गोष्ट दडपू शकेल, असं निकालपत्र बजावतं.

याच्या सुमारे एक वर्ष आधी, मे १९७६ मध्ये, व्हर्जिनियातल्या औषधविक्रेत्यांच्या प्रकरणात याच न्यायालयानं सांगितलं होतं की औषधांच्या किमतीची जाहिरात करणं हेही घटनेनं संरक्षण दिलेलं बोलणं आहे. केवळ व्यापारी आहे म्हणून ते बाहेर पडत नाही. मार्शल यांनी तेच सूत्र पुढे नेलं. गोळ्यांच्या किमतीपेक्षा कुटुंबानं कुठे राहायचं, मुलं कुठे वाढवायची हा निर्णय कितीतरी मोठा. त्यासाठीची माहिती दडवायला सरकारला अधिक सबळ कारण लागेल, कमी नाही.

तिसरा मुद्दा पुराव्याचा. पाट्यांमुळे लोक घाबरून घरं विकताहेत, हे नोंदीवर सिद्ध झालेलं नव्हतं. गावातून गोरे कमी होत होते हे खरं, पण ते पाट्या पाहून जात होते असं दाखवणारं काही नव्हतं. पाट्या बंद केल्यानं ते थांबतील, हेही नव्हतं. आणि मग निकालपत्र एक पर्याय सुचवतं, जो मला फार आवडतो. लोकांना समजावून सांगायचं काम टाउनशिपनं सुरू केलंच आहे, ते चालू ठेवावं. किती गोरे अजूनही गावात राहताहेत याची प्रसिद्धी करावी, हवं तर ‘हे घर विकायचं नाही’ अशा पाट्या लावून. एका पाटीचं उत्तर दुसऱ्या पाटीनं द्यावं, पहिली झाकून नव्हे.

एक बाजू, जी निकालपत्रात नाही

पाट्या गेल्या की घर शोधणाऱ्याला एजंटाशिवाय मार्ग उरत नाही. त्या काळात, आणि काही ठिकाणी पुढेही, एजंट कृष्णवर्णीय ग्राहकाला ठरावीक गल्ल्यांतलीच घरं दाखवायचे आणि गोऱ्या ग्राहकाला दुसरीकडे न्यायचे. रस्त्यावरची पाटी मात्र रस्त्यानं जाणाऱ्याचा वर्ण पाहत नाही. गाडीतून जाणारं कृष्णवर्णीय कुटुंब ती वाचू शकतं, थांबू शकतं, दार ठोठावू शकतं. ज्या माणसाला मध्यस्थानं दूर ठेवलं जातं, त्याच्यासाठी दारावरची उघडी पाटी हाच सगळ्यात खात्रीचा रस्ता असतो. मिश्र वस्तीसाठी घातलेली बंदी मिश्र वस्तीच्याच मार्गात येऊ शकत होती. कौन्सिलच्या चर्चेत हा विचार पुरेसा झाला असता तर बरं झालं असतं.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. निकाल लागला, पाट्या परत आल्या, आणि विलिंगबरो पुढे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं गाव झालं. २०२० च्या जनगणनेत तिथे सुमारे ३२,००० लोक आहेत, म्हणजे १९७० पेक्षा बरेच कमी. मग कौन्सिलचं म्हणणंच खरं ठरलं का? मला तसं वाटत नाही. नियम लागू असतानाही घरं विकली जातच होती, वर्तमानपत्रातून आणि एजंटांकडून. आजूबाजूची बंदिस्त उपनगरं, बँकांचं कर्जधोरण, लष्करी नोकऱ्यांच्या बदल्या या गोष्टी चार फुटांच्या पाटीपेक्षा बळकट होत्या. ज्या गावात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाला घर घेता आलं तिकडे तो वर्ग गेला, कारण शेजारच्या अनेक गावांत त्याला येऊ दिलं जात नव्हतं. दोष शोधायचा तर त्या शेजारच्या गावांत शोधायला हवा.

घरगुती व्यवसायाच्या पाटीपर्यंत

आता हे सगळं शिकवणीच्या पाटीला कसं लागू पडतं? सरळसोट लागू पडत नाही. घर विकणं हा मालकीचा हक्क आहे आणि तो निवासी भागातही असतोच. घरात व्यवसाय चालवणं ही झोनिंगनं, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणाऱ्या गावाच्या नियमांनी, दिलेली मुभा असते. अमेरिकेतली बहुतेक गावं ती अटींवर देतात: बाहेरचे नोकर किती, घराचा किती भाग व्यवसायाला, ग्राहक येणार का, गाड्या कुठे लागणार. पाटीची अट याच मालिकेत येते. साधारण नियम असा असतो की भिंतीला लावलेली एकच छोटी पाटी, दिवे नकोत, मजकुरात नाव आणि काम. न्यूयॉर्क शहराच्या झोनिंग नियमावलीत निवासी भागात वर्षानुवर्षे दर घराला एक चौरस फुटापर्यंतची एक नावाची पाटी चालत आली आहे, तिच्यावर नाव, पत्ता किंवा परवानगी असलेला व्यवसाय. काही गावं मात्र पाटी अजिबातच चालू देत नाहीत.

एक चौरस फुटाच्या नियमाशी माझं भांडण नाही. आकार, संख्या, उंची, रस्त्यापासूनचं अंतर, प्रकाश या गोष्टी शेजाऱ्यांच्या डोळ्यांशी आणि रहदारीशी थेट जोडलेल्या आहेत. विलिंगबरोच्या निकालानंही गावाचा हा अधिकार शाबूत ठेवला. शिकागोच्या दक्षिणेकडच्या काही उपनगरांनी पुढे घरविक्रीच्या पाट्यांचा आकार, जागा आणि संख्या यांवर मर्यादा घातल्या, तेव्हा १९९१ मध्ये सातव्या सर्किटनं त्या मान्य केल्या. खटकतो तो सरसकट मनाईचा नियम. त्यामागचं कारण विचारलं तर बहुधा ‘वस्तीचं रूप बिघडतं’ असं उत्तर येतं. पण त्याच दारात अलार्म कंपनीचा फलक चालतो, छप्पर दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराची पाटी काम संपल्यावरही महिनाभर चालते, निवडणुकीचे फलक चालतात. रूप बिघडतं ते फक्त घरात राहणाऱ्या बाईच्या शिवणकामाच्या पाटीनं? मग हा नियम रूपाचा राहत नाही. या वस्तीत कोणीतरी पोटासाठी घरातून काम करतं, ही बातमी दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

सेंट्रल हडसन या वीज कंपनीच्या प्रकरणातल्या १९८० च्या निकालानं अशा नियमांसाठी एक कसोटी घालून दिली, तीच आजही व्यापारी फलकांना लावली जाते. मजकूर खरा आणि कायदेशीर कामाचा आहे ना? सरकारचा उद्देश महत्त्वाचा आहे ना? नियमानं तो उद्देश खरोखर पुढे जातो का? आणि गरजेपेक्षा जास्त तोंड तर बंद होत नाही ना? झोनिंग बोर्डापुढे जाणाऱ्या घरगुती व्यावसायिकानं तिसऱ्या प्रश्नावर जोर द्यावा असं माझं मत आहे, कारण विलिंगबरोचा नियम अडखळला तो तिथेच. गर्दी आणि गाड्या ही खरी काळजी असेल तर गर्दीवर आणि गाड्यांवर मर्यादा घाला. दिवसाला किती ग्राहक ते ठरवा. वेळ ठरवून येणाऱ्या आठ विद्यार्थ्यांच्या शिकवणीत पाटीमुळे एकही गाडी वाढत नाही. उलट पाटी असेल तर नवीन पालक शेजारच्यांची बेल वाजवत नाहीत.

पर्यायांचा मुद्दाही तितकाच लागू आहे. घरातून काम करणारी माणसं बहुतेक वेळा दुकानाचं भाडं परवडत नाही म्हणूनच घरातून काम करतात. त्यांना जाहिरातीवर खर्च करा असं सांगणं सोपं आहे. आज इंटरनेट आहे हे खरं. पण तिथेही वर दिसायचं तर पैसे मोजावे लागतात, आणि त्याच रस्त्यानं रोज फिरायला जाणाऱ्या आजींना पलीकडच्या घरात पुरणपोळ्या मिळतात हे मोबाइलवरून कळत नाही.

इथे मुंबईची आठवण होते. २०१८ पर्यंत लागू असलेल्या १९९१ च्या बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीत घरगुती व्यवसायाची व्याख्याच अशी होती की तो घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसानं, पगारी नोकर न ठेवता करायचा, विजेचा भार ०.७५ किलोवॅटपेक्षा जास्त नको, आणि हे घर राहण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरलं जातंय असं इमारतीच्या बाहेरून दाखवणारं काही प्रदर्शित केलेलं नको. म्हणजे पाटी नसणं ही नुसती अट नव्हती, तो व्याख्येचाच भाग होता. पाटी लावली की तो ‘घरगुती व्यवसाय’च उरत नसे. सोसायटीच्या जिन्यात, दाराशी लावलेली छोटी पाटी यात बसते की नाही, यावर किती सभांमध्ये वाद होतात ते सोसायटीच्या कमिटीवर काम केलेल्यांना ठाऊक आहे. आपल्याकडेही व्यापारी जाहिरात ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या टाटा प्रेस प्रकरणात सांगितलं. तो वाद मुंबईतल्या यलो पेजेसचा होता. त्या निकालाच्या उजेडात अशी व्याख्या एकदा तपासून पाहायला हवी, एवढं मी ठामपणे म्हणेन. बाहेरच्या भिंतीवर झगमगता बोर्ड नको हे मान्य. पण कष्ट करणाऱ्या बाईनं कायदेशीर राहायचं तर अदृश्य राहावं, ही अपेक्षा योग्य नाही.

विलिंगबरोनंतरचे निकाल

पुढच्या तीन निकालांनी चौकट आणखी स्पष्ट केली. सेंट लुइसचं श्रीमंत उपनगर लॅड्यू इथे मार्गारेट गिलिओ यांनी डिसेंबर १९९० मध्ये आखाती युद्धाविरुद्ध अंगणात फलक लावला. तो नाहीसा झाला, दुसरा कोणी तरी पाडला. पोलिसांत तक्रार केली तर कळलं की असे फलक गावात मुळातच बेकायदा आहेत, घरविक्रीची पाटी मात्र चालते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं गावाच्या विरोधात निकाल दिला. स्वतःच्या घरावरचा फलक हे स्वस्त, सोपं आणि बोलणारा कोण हे आपोआप सांगणारं साधन आहे, त्याला तोड नाही, असं त्यात म्हटलं आहे.

२०१५ मध्ये ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचं प्रकरण आलं. तिथे राजकीय फलक, वैचारिक फलक आणि कार्यक्रमाचा रस्ता दाखवणारे फलक यांना वेगवेगळे आकार आणि वेगवेगळे कालावधी होते. स्वतःची इमारत नसलेल्या एका छोट्या चर्चला रविवारच्या प्रार्थनेची पाटी फक्त बारा तास आधी लावता येत होती. मजकूर वाचून नियम बदलत असेल तर तो सर्वांत कठोर कसोटीला उतरायला हवा, असं न्यायालय म्हणालं, आणि देशभरच्या गावांनी आपापल्या फलक-नियमावल्या पुन्हा लिहायला घेतल्या. व्यापारी फलकांना मात्र सेंट्रल हडसनचीच कसोटी राहते, अशी भूमिका पुढे अनेक खालच्या न्यायालयांनी घेतली. मग २०२२ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहराच्या प्रकरणात न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की त्याच जागेवरच्या गोष्टीविषयीचा फलक आणि दुसऱ्या जागेविषयीचा फलक हा फरक करणं म्हणजे मजकुरावर डोळा ठेवणं नव्हे. घरगुती व्यवसायाच्या दृष्टीनं हे कामाचं आहे: स्वतःच्या दारातली पाटी आणि कोपऱ्यावरच्या खांबाला लावलेला बाण यांना गाव वेगवेगळी वागणूक देऊ शकतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे आपलं घर कुठल्या असोसिएशनमध्ये, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या खासगी संघटनेत, आहे का. विलिंगबरोचा निकाल सरकारी नियमांना बांधतो, खासगी करारांना थेट नाही. ईस्ट विंडसरमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत दर खिडकीत एक आणि घरालगतच्या फुलझाडांच्या वाफ्यात एक एवढीच पाटी चालायची; २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मान्य केला. पार्सिपनीतल्या मॅझ्डाब्रूक कॉमन्समध्ये नियम याहून कडक होता: घरविक्रीची पाटी सोडून कुठलीच पाटी नको. तिथल्या एका रहिवाशानं स्वतःच्या निवडणूक प्रचाराचा फलक स्वतःच्याच घराच्या खिडकीत आणि दाराच्या आत लावला, असोसिएशननं दंड केला, आणि २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं रहिवाशाच्या बाजूनं कौल दिला. १९७४ मध्ये जी एक पाटी नको होती, तीच एक पाटी या वसाहतीत चालत होती आणि बाकी सगळ्या बंद होत्या. पण तो निकाल राजकीय मतासाठी होता. अशा वसाहतीत घरातल्या संगीतवर्गाची पाटी लावायची असेल तर आधी असोसिएशनचं करारपत्र वाचावं लागतं, मग टाउनशिपचा घरगुती व्यवसायाचा नियम. दोन्हींची परवानगी लागते, आणि त्यांपैकी अमेरिकेच्या घटनेचा आधार घेऊन थेट आव्हान देता येतं ते दुसऱ्याला.